जोडीतलं दुसरं गाणं

हिल्का खरं तर गवत कापायचं यंत्र शोधत होती. जुनं चाललं असतं, फक्त फार आवाज करणारं नको होतं. जुलैतला गुरुवार होता. शेगडीवर शेपू घालून कोवळे बटाटे उकळत होते आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जुन्या वस्तूंच्या जाहिराती बोटाने वर सरकवत होती. सायकली, पाळणे, मासे धुरावर शिजवायची पेटी. आणि मग ते.

करडी पेटी, काळं झाकण, पुढे पाच बटणं. तिसऱ्या आणि चौथ्या बटणाशेजारी लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका. ते ठिपके तिने स्वतः लावले होते, मंचावरच्या अंधुक उजेडात बटण कुठवर फिरवायचं ते कळावं म्हणून.

फोटोखाली दोनच ओळी होत्या. ‘एको मशीन, चालू आहे. बायकांची फेरी.’

बटाटे फुटून पाण्यात विरघळले, तरी ती उठली नाही.

तेहेतीस वर्षांपूर्वी गाताना आवाज घुमवणारं हे मशीन तिचं होतं. आठवडाभर औषधाच्या दुकानात थेंब मोजायचे आणि शनिवारी तळ्याकाठच्या नाचमंडपात गायचं, असं तिचं तरुणपण गेलं. तौनो अकॉर्डियन वाजवायचा. दोघांचं लग्न ठरलं होतं. मंडपाचे नियम तिथे सगळ्यांना आईच्या दुधासोबत मिळतात: काही वेळ पुरुषांनी नाचायला मागायचं, मग मंचावरची पाटी उजळली की बायकांनी, तीच बायकांची फेरी. मागितलं की नाही म्हणायचं नाही. गाणी नेहमी जोडीने वाजणार, दोन म्हणजे दोन, आणि पहिल्यानंतर कुणी हात सोडत नाही. दुसरं संपलं की पुरुषाने बाईला कोपराला धरून तिच्या जागी पोचवायचं आणि आभार मानायचे.

मंचावरची माणसं मात्र कधी नाचत नाहीत. तौनो त्यावरून चिडवायचा, “एकदा बायकांच्या फेरीत मला माग की! मी काय नाही म्हणणार आहे?”

ती म्हणायची, “गाणं कोण म्हणेल मग? तुझा बाप?”

हे बोलणं दोघांतलंच होतं. तिसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हणूनच जाहिरातीतले शेवटचे दोन शब्द तिला खुपत राहिले.

सुलो नावाचा विक्रेता चाळीस किलोमीटरवर राहत होता; त्याच दुपारी ती तिकडे गेली. जुन्या गोठ्यात त्याने सामान कोंबलं होतं. त्याने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे केला.

“घ्या बाई. पाव शिळा आहे, पण इथे सगळंच शिळं आहे. मी धरून.”

“जाहिरातीत ते काय लिहिलंत तुम्ही?”

“काय लिहिणार? एको मशीन, चालू आहे.”

“त्यापुढे.”

“त्यापुढे काही नाही. मला टाईप करायला एक बोट आहे, एवढं कोण लिहितं?”

तिने फोन काढून दाखवायला घेतला. जाहिरात निघून गेली होती.

“मीच काढली मघाशी,” सुलो म्हणाला. “तुम्ही येणार असं कळल्यावर ठेवून काय करायची?”

“मी तर तुम्हाला फाटकातूनच हाक मारली. आधी कळवलं कुठे होतं?”

सुलोने पाव कॉफीत बुडवला. “तुमच्याकडच्या माणसाने फोन केला ना. म्हणाला, ती येईल, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मला वाटलं, नवरा असेल.”

“मला नवरा नाही.”

“मग भाऊ असेल. आवाज लांबून येत होता. तुमच्याकडे फोनची रेंज वाईट दिसते.”

तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. लबाडी करणारा माणूस डोळे चुकवतो, हा बापडा पावाचे तुकडे कपातून चमच्याने काढत होता. तिने पैसे दिले आणि पेटी गाडीत ठेवली. घरी येईपर्यंत तिच्या मनात एकच होतं: तो जिवंत आहे.

कारण तौनो मेला असं कुणी कधी सिद्ध केलं नव्हतं. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी तिला त्याच्या अकॉर्डियनच्या पेटीत स्वीडनच्या बोटीचं तिकीट सापडलं होतं. एकच. बायकांच्या फेरीतली शेवटची जोडी चालू होती. पहिलं गाणं संपलं, तेव्हा ती त्याच्या कानाशी म्हणाली, “जा मग. आत्ताच जा.” आणि मंचावरून उतरली. खाली चाळीस जोडपी हातात हात घेऊन दुसऱ्या गाण्याची वाट पाहत उभी राहिली. अशी मोडलेली जोडी त्या मंडपात कुणी पाहिली नव्हती. तौनो मागच्या दाराने तळ्याकडे गेला, तो पुन्हा दिसलाच नाही. तिकीटही पेटीत उरलं नव्हतं. होडी जागच्या जागी होती.

“वाद्य टाकून गेला म्हणजे बाईसाठीच गेला,” तिची बहीण इर्या तेव्हा म्हणाली होती. हिल्कानेही तेच धरून ठेवलं. सोपं होतं ते. दर वर्षी मृतांची आठवण करतात त्या सगळ्या संतांच्या दिवशी इर्या दफनभूमीत मेणबत्त्या लावायची. दूर कुठेतरी विसावलेल्यांसाठी तिथे एक दगड आहे. त्याच्यासमोर उभी राहून ती हलकेच विचारायची, “तौनोसाठी लावू का गं?”

“जिवंत माणसासाठी मेणबत्ती लावत नाहीत,” हिल्का म्हणायची.

बैठकीच्या खोलीत तिने मशीन मधल्या टेबलावर ठेवलं. उजवीकडे खिडकीजवळ तिची आरामखुर्ची होती. डावीकडे काचेचं दार, पुढे आठ पावलांवर लाकडी धक्का, मग तेच तळं. तिने झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तिनेच चिकटवलेला गाण्यांचा कागद अजून होता. प्रत्येक गाणं झालं की पेन्सिलीने बरोबरची खूण करायची तिची सवय. सगळ्या जोड्यांवर दोन-दोन खुणा. शेवटच्या जोडीवर एक.

आत हातभर फीत होती. या यंत्रात फीत गोल फिरते, गाणाऱ्याचा आवाज टिपते, क्षणभराने परत देते आणि पुढच्या वळशाला पुसून टाकते. तीन सेकंदांपेक्षा जुनं तिच्यावर काही राहत नाही. हिल्काला हे पक्कं माहीत होतं.

तिने माइक न जोडता मशीन सुरू केलं. आधी खरखर आली. मग बुटाची टाच दोनदा लाकडावर आपटली, आणि अकॉर्डियनचा भाता उघडताना होतो तसा एक लांब श्वास.

पुढे काही नाही. पुन्हा टाच. पुन्हा श्वास.

तौनो दुसरं गाणं असंच सुरू करायचा.

तिने मशीन बंद केलं, हात धुतले आणि जुनी फीत काढून नवी बसवली. सुलोने पाकीटबंद दिली होती, पाकीट तिने स्वतः फोडलं. पुसणारं टोक स्पिरिटने स्वच्छ केलं. पुन्हा सुरू केलं.

टाच, टाच, श्वास.

तिने इर्याला फोन लावून सगळं सांगितलं. इर्या हसली. “अगं, जुन्या तारा रेडिओ पकडतात. माझा हीटर एकदा हवामान सांगत होता!”

“रेडिओ माझी वाट बघत थांबतो का?”

“हिल्का, तू ते विकलंस तेव्हा मी देवाचे आभार मानले होते. परत का आणलंस?”

“त्यानेच विकायला ठेवलंय. कुठेतरी बसून मजा बघतोय.”

“आणि नसेल तर?”

“तर काय?”

“उद्या सकाळची बस पकडते. तोवर ते लावू नकोस. ऐक माझं.”

हिल्का हो म्हणाली. शुक्रवारी नऊ वाजता ऊन तळ्यावर पसरलं होतं, शेजारचा म्हातारा बाहेर सरपण फोडत होता. इतक्या उजेडात भ्यायचं कशाला? बस अकराला येणार होती. तिला फक्त एकदा खात्री करायची होती. तो कुठे लपला असेल तर दुसरं गाणं ऐकून बाहेर येईल. येऊ दे. तिकिटाचं विचारायचं होतं. तेहेतीस वर्षं तिने ते घशात धरून ठेवलं होतं.

तिने माइक जोडला. तिसरं आणि चौथं बटण लाल ठिपक्यापर्यंत फिरवलं.

टाच, टाच, श्वास.

या वेळी ती गायला लागली.

आवाज जाड झाला होता, वरचे सूर तुटत होते. पण शब्द एकही चुकला नाही. पहिल्या कडव्यापर्यंत मशीन तिचाच आवाज परत देत होतं.

दुसऱ्या कडव्यापासून त्यामागे अकॉर्डियन आलं.

ती थांबली नाही. या वेळी थांबायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

बाहेर सरपण फोडण्याचा आवाज केव्हा बंद झाला ते तिला कळलं नाही.

शेवटचा सूर संपला. फीत थांबली. बटणाला तिने हात लावला नव्हता.

तिने सवयीने पेन्सिल उचलली. कागदावर शेवटच्या जोडीसमोर आधीच दोन खुणा होत्या.

“तौनो,” ती म्हणाली, “ते एकच तिकीट कुणाचं होतं?”

थांबलेल्या मशीनमधून तिचाच प्रश्न क्षणभराने परत आला, आणि त्यामागे, अगदी हलकेच, “आभारी आहे.”

तिच्या उजव्या कोपराला एका हाताने धरलं. अदबीने, मंडपात धरतात तसं. बाहीतून गार ओल आत शिरली.

मागितलंस तर नाही म्हणणार नाही, असं तो म्हणाला होता. मागायला चाळीस किलोमीटर तीच गेली होती.

स्वीडन पश्चिमेला. धक्का पूर्वेला होता.

तिची खुर्ची उजवीकडे होती. हात तिला डावीकडे नेत होता, काचेच्या दाराकडे, घाई न करता, जागी पोचवायला न्यावं तसा.

इर्याला एक सांगायचं राहिलं, हे तिला उंबऱ्याशी आठवलं. मेणबत्ती लाव म्हणून. दोन लाव.