चौऱ्याण्णव मिनिटं

"आबा, दार उघडत नाही! भटू आत अडकलाय!"

सोमवारी सकाळी असोद्याहून केळीवाल्या सुपडूचा फोन आला, तो झुलाल आबांनीच उचलला. आबा जळगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पहारेकरी. 

केळी पिकवायच्या बंद खोलीत सुपडूचा गडी भटू माल बघायला गेला होता. मागून दार लागलं. आतली कळ गंजलेली. सुपडूनं पहारीनं दार फोडलं, तोवर भटू गॅसनं बेशुद्ध झाला होता.

ते दार कंपनीच्या ॲपवर चालायचं. कंपनीचं स्वतःचं वेब फ्रेमवर्क होतं, म्हणजे एकच सांगाडा, त्यावर गिऱ्हाइकागणिक वेगळं ॲप उभं करायचं. त्यातल्या सेटिंगांची पुस्तिका नूतन लिहायची. सेटिंगचं नाव, कोणता आकडा ठेवायचा, तो बदलला तर काय घडेल. सुपडूनं पुस्तिकेत बघूनच आकडे भरले होते. दार आपोआप उघडण्याच्या सेटिंगपुढे तिथं छापलं होतं, 94 मिनिटं.

"पाच वाजता फौजदार येणार," कंपनीचे मालक हेमराजभाऊ साडेचारला सगळ्यांना बोलावून म्हणाले. "भटूचं काही बरंवाईट झालं तर मी कोणाला वाचवू शकणार नाही, नूतन."

"मी पंधरा लिहिलं होतं, भाऊ." नूतनचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या वहीत आहे. तेवढं शेवटचं पान टाइप करायचं राहिलं होतं. मी पहूरला हळदीला गेले."

"मग वही दाखव."

"खणातून गेलीय."

"पान काल दुपारी चारला टाइप झालंय. तुझ्याच नावानं. हळदीत फोनवरून केलं असशील, घाईघाईत."

"पासवर्ड माझ्या टेबलाला चिकटवलाय. बठ्ठ्यांना, सगळ्या हापिसाला ठाऊक आहे!"

आबा दाराशी उभे होते.  पंचावन्नाव्या वर्षी ते अक्षरं शिकले, आणि इंग्रजी आकडे याच पोरीनं शिकवले, चहाच्या सुट्टीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी गाड्यांचे नंबर असे काही वाचले की नूतन हसून हसून खाली बसली होती. शिकलेल्यांच्या बोलण्यात तोंड घालायची त्यांची छाती नव्हती. घातलं आणि चुकलं, तर नोकरी जाणार. गप्प राहिलं, तर पोर तुरुंगात जाणार.

"भाऊ, मी दोन गोष्टी विचारू?"

"विचारा, आबा. आता देवालाच विचारायचं राहिलंय."

"काल रविवारी फाटक मीच उघडलं, दोघांसाठीच. मोहिनीताई आल्या आणि प्रेमराजदादा आले. ताई, तुम्ही वही पाहिली?"

मोहिनी नूतनच्या शेजारच्या टेबलावर बसायची; पहूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. "पूर्वी पाहिलीय. सेटिंगची नावं इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. काल नाही पाहिली."

"दादा, तुम्ही?"

प्रेमराज मालकाचा भाचा, बंगळूरला इंग्रजी शाळेत शिकलेला. "मी ती वही जन्मात पाहिली नाही. मामा, हा वॉचमन आता आपली उलटतपासणी घेणार का?"

आबांनी खिशातून सारख्याच दोन चिठ्ठ्या काढून दोघांपुढे ठेवल्या.  "रागावू नका. सुपडूनं भटूच्या खाटेचा नंबर सांगितलाय. ताई, बाहेर जाऊन दवाखान्यात विचारा बरं."

मोहिनी फोन करून आली. "अजून शुद्ध नाही म्हणतात."



"दादा, तुम्ही इथूनच लावा. मालकांचे भाचे म्हटल्यावर नीट सांगतील."

प्रेमराजनं कपाळाला आठी घालून चिठ्ठी पाहिली, फोन लावला. "हॅलो, बेड नंबर नाइंटी फोरचा पेशंट कसा आहे? काय? चाळीसच बेड आहेत?"

 आबांनी चिठ्ठी उचलून मालकांपुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं: १५.

"हा पंधराचा आकडा शे, भाऊ. भटूची खाटही नेमकी पंधरावीच. ज्याला मराठी आकडे येत नाहीत, त्याला एक नऊसारखा दिसतो आणि पाच चारसारखा. मी उलट्या बाजूनं शिकलो, मी इंग्रजी नऊला एक म्हणायचो. म्हणून तर नूतन हसली होती. सकाळपासून मी एकच विचार करतोय, चौऱ्याण्णव हा आकडा कोणाच्या मनात येईल? कोणाच्याच नाही. तो फक्त डोळ्याला दिसू शकतो. नूतनला दिसणार नाही, ताईंना दिसणार नाही."

"खोटं आहे!" प्रेमराज ओरडला. "तिनं नाइंटी फोरच लिहिलं होतं! मी स्वतः बघून—"

तो थांबला. उशीर झाला होता.

"जन्मात पाहिली नव्हतीस ना?" हेमराजभाऊ म्हणाले. "काल संध्याकाळी मला म्हणालास, 'मामा, पुस्तिका पूर्ण करून सुपडूला पाठवली.' मला वाटलं, नुसती पाठवलीस. वही कुठे आहे?"

"जाळली. आज दुपारी. मागच्या कचऱ्यात." प्रेमराज खुर्चीत कोसळला. "मला वाटलं चूक तिचीच आहे. माझं नाव कशाला येऊ द्यायचं..."

"आणि तिचं नाव पोलिसात गेलं असतं, तर?"



फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज आला. तेवढ्यात आबांच्या डबड्या फोनवर सुपडू ओरडू लागला. आबांनी ऐकलं आणि ते जमिनीवरच बसले.  नूतन धावत त्यांच्याजवळ गेली.

"आबा, काय झालं? सांगा ना!"

"खाट पंधरा," आबा म्हणाले. "शुद्धीवर आलाय. पाणी मांगी राहिना शे."