चौदा नंबरची डबल बेल

विद्यापीठाकडून बावीस पानांचा नमुना आला, तेव्हा प्राचार्यांनी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. सरळ हर्षदीपकडे पाठवून दिला. विद्यापीठाच्या त्या छोट्या उपकेंद्रात हा रिवाजच पडून गेला होता, जे काम कोणालाच नको ते हर्षदीपच्या टेबलावर. नमुन्याचं नाव मात्र झोकदार होतं, 'सुरक्षित पुनरागमन आराखडा'. फेब्रुवारीपासून वर्ग भरणार होते. मुलं कुठे बसतील, कुठे झोपतील, हात कुठे धुतील, कोणाला ताप आला तर फोन कोणी कोणाला करायचा, हे सगळं त्यात भरायचं होतं. खरं सांगायचं तर हर्षदीपला असली कामं आवडायची. आखलेले रकाने दिसले की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा. आठ दिवसांत त्याने एकवीस पानं भरून टाकली.

राहिलं ते बाविसावं. ते मुलांच्या वसतिगृहाचं होतं आणि तळाशी छापलं होतं, 'सदर इमारत मी स्वतः फिरून पाहिली असून ती राहण्यास सुरक्षित आहे.' त्याखाली सहीची जागा. हे पान त्याने तीनदा फाइलीतून काढलं आणि तीनदा परत ठेवलं.

शेवटी एका दुपारी डबा खाऊन त्याने मोजायची टेप आणि चाव्यांचा जुडगा उचलला, आणि झाडलोट करणाऱ्या बयनाबाईला हाक मारली. वसतिगृह गुडीहत्नूरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून थोडं आत होतं. दोन्ही अंगांना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या वाळत उभ्या होत्या. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज तिथपर्यंत यायचा, पण गाळलेला, मऊ होऊन. दार उघडलं तसा फिनाइलचा आणि कोंडलेल्या गाद्यांचा वास अंगावर आला. बयनाबाईने पदर नाकाला लावला.

"किती धुतलं म्या हे… वास काई जात न्हाई, सर."

 वास हर्षदीपच्या ओळखीचा होता.

आदल्या पावसाळ्यात याच इमारतीत करोनाच्या रोग्यांना ठेवलं होतं. वीस खोल्या, खोलीत एकेक माणूस. ताटं पोचवायचं आणि वही ठेवायचं काम अर्थातच हर्षदीपकडे आलं. पद्धत त्याने स्वतःच बसवली होती. प्रत्येक दारापुढे एक स्टूल. स्टुलावर ताट ठेवायचं, दारावर दोनदा ठोकायचं आणि चार पावलं मागे सरायचं. आतल्याने आतून दोनदा ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं की वहीत त्या खोलीपुढे बरोबरची खूण. नाही आलं, तर तिथल्या तिथे डॉक्टरला फोन. साधी, सरळ पद्धत. तिच्यामुळे दोघं वाचले होते, आणि हर्षदीपला तिचा अभिमान होता.

चौदा नंबरमध्ये तामसीचे उत्तमराव होते. बसचे निवृत्त कंडक्टर, मोठे मिश्कील. तीस वर्षं चालत्या गाडीत उभ्याने काढल्यामुळे गुडघे पार कामातून गेलेले. खाटेवरून दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा, पण उत्तर द्यायचे ते अगदी थाटात. बोटांनी नाही, हातातल्या तांब्याच्या अंगठीने, दाराच्या लोखंडी कडीवर. टण्… टण्. आणि वर आतून ओरडायचे, "डबल बेल! राइट, राइट! जाऊ द्या गाडी!" त्या भकास दिवसांत सगळ्या वऱ्हांड्याला तेवढंच हसू.

नवव्या दिवशी सकाळी त्याच्या हाताखाली ताटं उचलणाऱ्या दोघांनाही ताप भरला. संध्याकाळी हर्षदीप एकटाच निघाला. प्लॅस्टिकच्या त्या पोशाखात घामाची आंघोळ होत होती, चष्म्यावर वाफ धरली होती, आणि घशात सकाळपासून कसलीशी खवखव होती. आपल्यालाही झाला की काय, एवढा एकच विचार डोक्यात. चौदाच्या दारावर त्याने दोनदा ठोकलं. उत्तर आलं नाही. आत काही हललं की बाहेरचा वारा होता, हे त्याला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही. फोन करायचा म्हणजे डॉक्टर येईपर्यंत त्या दारापाशी उभं राहायचं. त्याच्याने ते झालं नाही. त्याने वहीत खूण केली आणि पंधराकडे सरकला.

सकाळी बयनाबाईला ताट तसंच झाकलेलं दिसलं.

डॉक्टरांनी वही पाहिली, संध्याकाळची खूण पाहिली आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'रात्री केव्हातरी' असं लिहिलं. उत्तमरावांची बायको मालनबाई फाटकाबाहेर उभी होती. तिने एकच विचारलं, "सांजीले तं ठीक होते नं, भाऊ?" हर्षदीप म्हणाला, "हो." तेव्हापासून तो स्वतःला एकच गोष्ट समजावत आला होता. उत्तर आलं नाही, म्हणजे माणूस तेव्हाच गेलेला होता. मग फोन केला काय, नाही केला काय, सारखंच. त्याचं सगळं मन या एका खुंटीवर टांगलेलं होतं.

तर, त्या दुपारी तो एकेक खोली मोजत चौदापर्यंत आला. बयनाबाई मागच्या नळावर बादली भरायला गेली होती. त्याने चौदाचं दार उघडलं. रिकामी खाट, खिडकीतून आलेलं ऊन, बाकी काही नाही. तो आत गेला आणि खाटेपासून भिंतीपर्यंत टेप लावत उकिडवा बसला. वाऱ्याने असेल, मागे दार लोटलं गेलं.

आणि दारावर दोनदा वाजलं.

बाहेरून. अगदी मोजून, एकसारखं. तो स्वतः ठोकायचा तसं.

"कोण?" तो म्हणाला. "मावशी…?"

बाहेर पावलं वाजली. चार. मग शांत.

उत्तर द्यायला हवं, हे त्याला एकदम उमगलं. का, ते कळलं नाही. पण बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. तो खाटेला धरून उठला, लंगडत दारापाशी गेला आणि आतून दोनदा ठोकलं. तोवर बाहेरची पावलं पुढे निघालीसुद्धा होती, पंधराच्या दिशेने, घाईघाईने. प्लॅस्टिकची सळसळ व्हावी तसा आवाज त्यांच्याबरोबर लांब गेला. त्याने दार उघडलं तेव्हा वऱ्हांडा रिकामा होता. दारापुढे फक्त एक स्टूल होतं.

बयनाबाई बादली घेऊन आली ती स्टूल पाहूनच थबकली.

"हे कोनं आनलं इथं? समदी स्टुलं म्या कोठीत टाकून कुलूप लावलं होतं…"

"आत्ता दार तुम्ही वाजवलं का, मावशी?"

"म्या तं नळापाशी होती. काऊन?"

"कोणीतरी वाजवलं. मी उत्तर दिलं, पण…" त्याने पंधराच्या दिशेने पाहिलं. "थांबलं नाही कोणी."

 बयनाबाईने स्टूल उचललं आणि ती कोठीकडे निघाली.

बाविसावं पान त्याने त्याच संध्याकाळी भरलं. सही करण्याआधी दोन गोष्टी लिहिल्या. खोली क्रमांक चौदा दुरुस्तीसाठी बंद. आणि दुसरी, रोज सकाळी प्रत्येक दारावर ठोकून मुलाची खुशाली घ्यावी, उत्तर कानांनी ऐकल्याशिवाय वहीत खूण करू नये. विद्यापीठाला ही सूचना फार आवडली म्हणे.

मुलं आली. तलमडुगुची, तामसीची, बोथच्या अंगाची. महिना-दोन महिने घरी बसून नाही, चांगलं वर्षभर कंटाळून आलेली. "सर, आमी का जेलात हाओत?" म्हणून कुरकुरली, मग सवय झाली. हर्षदीप रोज सकाळी ठोकत जायचा आणि उत्तरासाठी थांबायचा. कुणी भांग पाडत उत्तर द्यायचं, कुणी झोपेत. चौदाच्या दाराला बाहेरून दिसेल असं कुलूप लटकत नव्हतं, ते दारातच बसवलेलं होतं, किल्ली हर्षदीपच्या खिशात. त्या दारावरही तो न चुकता ठोकायचा, मनात वीसपर्यंत मोजायचा आणि पुढे जायचा. वहीत चौदापुढचा रकाना कोराच राहायचा. ते कोरेपण त्याला दिवसेंदिवस बरं वाटू लागलं. आता तिथे कोणी नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

तरीही मालनबाईला दिलेला तो एक 'हो' त्याला पचेना. तिसऱ्या आठवड्यात त्याने एका दिवसाची रजा टाकली. सकाळच्या फेरीचं काम नव्याने लागलेल्या पंकज नावाच्या तरुण प्राध्यापकाला समजावून सांगितलं, चौदा रिकामी असल्याचं तेवढं सांगायचं राहिलं, आणि तो बसने तामसीला गेला. मालनबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्या सांजेला उत्तर आलं नव्हतं. मी खोटी खूण केली. तुम्हाला खोटं सांगितलं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही.

"किती येळ थांबले होते तुमी, भाऊ?"

हर्षदीप तिथेच खाली बसला.

"त्यायचे गुडघे…" ती म्हणाली. मग उठून तिने चहा ठेवला. त्याने तो प्याला. इतका कडू चहा तो आयुष्यात कधी प्याला नव्हता, आणि तिने तर साखर बरोबर घातली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने वही उघडली. कालच्या पानावर वीसच्या वीस खुणा होत्या. चौदापुढेसुद्धा.

त्याने खिसा चाचपला. किल्ली होती. काल दिवसभर तामसीला ती त्याच्याच खिशात होती.

पंकज समोरच बसून चहा पीत होता.

"चौदाची खूण कोणी केली, सर?" हर्षदीपने विचारलं.

"मीच केली. काऊन?"

"ऐकल्याबिगर करायची नाही, असं सांगितलं होतं ना."

"ऐकूनच केली, सर!" पंकजला जरा लागलं. "ठोकलं तं पह्यले काईच उत्तर नाही आलं. मी पुढं निघूनच राह्यलो होतो, तेवढ्यात मास्कचा बंद तुटला. तो बांधत उभा राह्यलो तिथंच, चांगले पाच मिनिटं. मंग आतून खाट वाजली… कोणी तरी पाय ओढत येऊन राह्यलं, असं वाटलं. मंग कडीवर दोनदा वाजवलं. टण्, टण्. अंगठीनं वाजवते तसं."

हर्षदीपने वही मिटली. 

"काही… बोलला का आतून?"

"बोलला नं. दम लागला होता बिचाऱ्याले. 'थांबा, आलो… आलो… जाऊ नका' म्हणून राह्यला होता." पंकजने चहाचा कप खाली ठेवला. "त्या पोराचे गुडघे दुखतेत का, सर?"