त्याच्यावर फ्लॅश पडेना

लाईट गेलीच आहे तर बसा इथं ओट्यावर. अन् ते मोबाईल उलटे ठेवा. प्रशिक, श्रावणी, तुम्ही बी. भुतावर तुमचा विश्वास नाही हे मले माहीत आहे, तुमचा तर कशावरच नाही. ज्याची ही गोष्ट आहे त्याचाही नव्हता. यशोधन. आपल्या तात्यापाऱ्यातला फोटोवाला. रोज सकाळी चौकात पोहे खायले येते, पटत नसेल तर त्यालेच विचारा.

मागच्या कार्तिकातली वद्य पंचमी, रविवार. तुळशीची लग्नं आटोपली होती, अंगावर शाल लागत होती. यशोधननं दुकान बंद केलं, बॅग पाठीवर घेतली अन् स्कूटरवर पुरानी बस्तीत निघाला. श्रीपादरावांच्या ज्ञानदाचा साखरपुडा होता. श्रीपादराव म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेला सरळ माणूस, पोरगी शाळेत शिकवते. मुलाकडच्यांची ट्रेन उशिरा आली म्हणून कार्यक्रम रात्रीवर गेला.

पोट्ट्याच्या हातात कसब होतं, पण तोंडात नुसती तुच्छता. कॅमेरा गळ्यात पडला का त्याले वाटे, आपण उजेडाचे मालक झालो. दारातच ज्ञानदाच्या आत्याले म्हणे, "आजी, तुम्ही हसू नका बरं, फोटोत दात मोजता येतात." नवरदेव विहंग झगमगती शेरवानी घालून बसला होता. त्याले पाहून हा मनात म्हणे, पंडरीच्या कापडबाजारातला अख्खा गठ्ठा गुंडाळून आला वाटते.

फोटो सुरू झाले. फ्लॅश झकास उडून राहिला होता. आरतीचं ताट, देव्हारा, आत्याबाई, सगळे निघाले. ज्ञानदा एकटी बसली, तिचे निघाले. मग विहंग तिच्या बाजूले येऊन बसला, यशोधननं बटण दाबलं, अन्... काही नाही. फोटो अंधारा.

पुन्हा दाबलं. काही नाही.

"कितना टाइम लगेगा, भैया?" विहंग म्हणाला.

"मशीन आहे, जादू नाही," यशोधन म्हणाला. त्यानं सेल बदलले. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून काढला, खाचेतले पितळी ठिपके रुमालानं पुसले, पुन्हा बसवून कडी आवळली. शटर चुकून सायलेंटवर तर गेलं नाही ना, तेही पाहिलं, कारण तसं झालं का फ्लॅश उडत नाही. सगळं जिथल्या तिथं होतं. फ्लॅशच्या पाठीवरचा लाल दिवा पेटला होता, म्हणजे आत दम भरलेला होता. भिंतीकडे धरून टेस्टचं बटण दाबलं तर खोली पांढरी झाली.

विहंगकडे वळवलं. काही नाही.

मुलाकडच्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, नजर लागली असंल. यशोधन तुटून पडला. "नजर? बाविसाव्या मजल्यावर राहायले जातात लोक, अन् तुम्ही अजून लिंबू-मिरचीत अडकले! वायर असते, करंट असते. बिघाड शोधायची एक रीत असते काका, एकेक वस्तू बाजूले काढायची. बसा चूप."

अन् त्यानं तसंच केलं. पण वस्तू संपल्या होत्या, म्हणून माणसं काढून राहिला. ज्ञानदाले उठवलं. फ्लॅश उडाला नाही. बाजूच्या खुर्चीवरून श्रीपादरावांले उठवलं. नाही. शेवटी विहंगले म्हणाला, "आप हटिए ज़रा."

विहंग बाजूले झाला. रिकाम्या सोफ्यावर फ्लॅश लख्खकन उडाला.

"बैठिए."

बसला. बटण. अंधारा.

"वा! भैया, तुम्हाले पाहून तर फ्लॅशही तोंड फिरवते!" यशोधन म्हणाला.

सगळे हसले. लहान पोरं तर टाळ्या पिटून राहिली. ज्ञानदा हसली नाही. ती विहंगच्या तोंडाकडे पाहून राहिली होती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, अन् तो कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हता. यशोधनच्या खांद्याजवळ पाहत होता. तिथं कोणीच नव्हतं.

यशोधनचं हसू आटलं. त्यानं फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात धरला. तेवढ्यात त्याच्या मनगटाले गार लागलं. वारा नव्हता. ओल्या हळदीचा वास आला. साखरपुड्यात हळद भिजवते का कोणी?

अन् लाईट गेली. आत्ता गेली आहे ना, तशीच. सगळ्या पाऱ्यातली, अख्ख्या मोहल्ल्यातली.

"फिर?"

थांब, श्रावणी.

यशोधन मले सांगे, मामा, बोट बटणावर नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

फ्लॅश उडाला.

एकदाच.

तेवढ्या उजेडात सगळ्यांनी विहंगले पाहिलं. सोफ्यात मागं सरकत होता. दोन्ही हात पुढं. मग पुन्हा अंधार... अन् त्या अंधारात त्याचा आवाज.

"कौमुदी... हाथ हटा... हाथ हटा ना..."

मग, "मैंने धक्का नहीं दिया। नहीं दिया धक्का मैंने।"

कोणी विचारलंच नव्हतं.

ज्ञानदा अंधारातच बोलली. आवाज शाळेतला, सरळ. "कौन कौमुदी?"

पावलं दाराकडे पळाली.

लाईट आली तेव्हा विहंग दाराशी होता, अनवाणी. त्याची आई पदर धरून बसली होती, मान खाली. तिच्याच तोंडून निघालं ते. आधी एक मुलगी ठरली होती. हळद लागली होती. त्याच संध्याकाळी दोघं धरणावर फिरायले गेले अन् तो एकटा परत आला. पाय घसरला, असं सांगितलं. सगळ्यांनी मानलं. श्रीपादरावांले मात्र यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. शेरवानीवर खर्च करायले होतं, खरं बोलायले नव्हतं. असल्या माणसांची मले किळस येते, भुताची नाही येत.

ज्ञानदानं अंगठी काढली अन् ताटात ठेवली. "पप्पा, इनको स्टेशन छोड़ दीजिए," एवढंच म्हणाली. पुढं श्रीपादराव स्वतः कौमुदीच्या बापाले शोधत गेले. त्या बापानं पुन्हा तक्रार दिली आहे. चौकशी सुरू आहे.

यशोधन? रात्रभर झोपला नाही. सकाळी फ्लॅश घेऊन रिपेअरवाल्याकडे गेला, म्हणे बिघाड काढ. त्यानं तपासला. बिघाड काहीच नव्हता. मग त्यानं पुढच्या काचेवरून फडकं फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं, घासून. म्हणाला, "भैया, ये पहले किसने खोला था?"

"कोणीच नाही. कंपनीचं सील आहे."

त्यानं फ्लॅश उजेडाकडे धरला.

काचेवर पाच बोटांचा ठसा होता. बारीक बोटं, बाईची. पिवळा, हळदीचा.

काचेच्या आतून.