मावशीने शिवलेली स्लीपिंग बॅग

विश्वास ठेवा, नाहीतर हसा. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलंय. त्यात माझ्या पदरचं काहीच नाही.

मावशी शिवणकाम करते. तिला आणि काकांना डोंगरांचं भारी वेड. पण पैशांची नेहमीच चणचण. चांगली स्लीपिंग बॅग एकच परवडली, म्हणून दुसरी मावशीने घरीच शिवली.

"लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, आमची ही पाय पाहून अंथरूण शिवते!" काका कौतुकाने सांगत सुटले.

शिलाई सुरेख होती. दाट, आरपार मारलेली टीप.

तिथेच चुकलं.

टीप बसते तिथे आतलं भरण दबतं आणि नेमकी तिथूनच थंडी शिरते. मावशीला हे कुठे ठाऊक?

त्या हिवाळ्यात दोघं डोंगरात गेले आणि खिंडीखालच्या पठारावर मुक्कामाच्या रात्री बर्फ पडला. काकांनी चांगली बॅग तिला दिली, घरी शिवलेलीत स्वतः शिरले. "मला उकडतंय गं. झोप तू."

सकाळी काका उठलेच नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात मावशीने नवी बॅग शिवली. दुहेरी. एका थराची टीप दुसऱ्या थराच्या टिपेवर येणार नाही अशी. आणि निघाली त्याच पठारावर. आम्ही हातापाया पडलो.

"एकदा तरी त्यांना उबेत झोपू दे," एवढंच म्हणाली.

वाटाड्या दुसऱ्या तंबूत होता. मावशीने नवी बॅग शेजारी अंथरली, चेन उघडी ठेवली. स्वतः काकांच्या त्या जुन्या बॅगेत शिरली. थंडी हाडांत घुसत होती.

मग...

बाहेर बर्फावर पावलं वाजली.

तंबू कुणी उघडला नाही. पण शेजारी...

कुणीतरी कुशीवर वळलं.

मावशी घाबरली नाही. "आलात?" म्हणाली. "झोपा आता." आणि रडत रडत तिचा कधी डोळा लागला, कळलंच नाही.

उजाडता उजाडता जाग आली. अंग छान उबदार होतं.

ती नव्या बॅगेत होती! चेन हनुवटीपर्यंत लावलेली.

शेजारी जुनी बॅग. बंद. फुगलेली. आणि आतून...

दातावर दात आपटत होते.

"अहो! यावेळी तरी नको ना!" मावशीने ओरडून चेन ओढली.

आत कुणीच नव्हतं. टिपांच्या रेघांवर तेवढं दव गोठलेलं.

ती बॅग आता मावशीच्या कपाटात आहे. भर उन्हाळ्यातही तिला हात लावला की बोटं बधिर होतात. मी स्वतः लावलाय, पुन्हा लावणार नाही.

एकदा आई चिडून कात्री घेऊन आली. "उसवून टाक ती अवदसा!"

मावशीने बॅग पोटाशी धरली.

"उसवली तर ते झोपतील कुठे गं, ताई?"