बारीक वायर

लाईट गेलीच आहे, तर बसा. सोनी, तू जरा अलीकडे सरक. ही गोष्ट झुंबरची. डोकमर्डीच्या वळणावर गाड्यांना स्पीकर बसवतो ना, नंदुरबारकडचा, तोच. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली.

दोन वर्षांपूर्वीची कार्तिक वद्य अष्टमी, गुरुवार. संध्याकाळी सातला झुंबर मोटारसायकलवरून दुधनीला निघाला. काम साधं होतं. मनीषावहिनींना नवऱ्याची गाडी भंगारात द्यायची होती, त्याआधी आतला अ‍ॅम्प्लिफायर काढून हवा होता.

नवरा म्हणजे चेतन. त्याच वर्षी होळीच्या सुमारास, रात्री, धरणाच्या रस्त्यावर वळण चुकलं आणि गाडी झाडावर गेली. जागीच संपला.

अ‍ॅम्प्लिफायर झुंबरनेच बसवलेला. जाड तांब्याची वायर दुकानात संपली होती, म्हणून बारीक ओढली. अर्थिंगही हेडलाइटच्याच बोल्टला जोडून मोकळा झाला. दोन दिवसांनी चेतन येऊन म्हणाला होता, "झुंबरभाऊ, बेस वाजला की हेडलाइट मंद होतात."

"होतं तसं. चालव बिनधास्त."

तिसऱ्या रात्री चेतन गेला. झुंबर तेराव्याला जेवून आला, पण त्या वायरीबद्दल चकार शब्द काढला नाही.

अंगणात गाडी उभी होती. उजवी बाजू चेपलेली, समोरची काच तडकलेली पण जागेवर, डावा हेडलाइट तेवढा शाबूत. मनीषा मोबाइलचा उजेड धरून उभी राहिली.

"सासूबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. "मी फोन केला म्हणून ह्यांचं गाडीवरचं लक्ष उडालं, म्हणतात. असेलही. केला होता ना मी..."

झुंबर बॉनेटकडे वळला. चेपलेलं बॉनेट दोरीने बांधलं होतं, ते सोडलं. बॅटरी नव्हतीच, कुणीतरी केव्हाच काढून नेलेली. त्याने हेडलाइटजवळच्या त्याच बोल्टला पाना लावला.

धप्.

छातीत बसावा असा आवाज.

धप्.

डावा हेडलाइट पेटला. बॅटरी नसताना. पिवळा... धप्... मंद. पुन्हा पिवळा... धप्... मंद.

मनीषाच्या हातून मोबाइल पडला.

"वहिनी..." झुंबरने पाना सोडला. "तुमच्या फोनमुळे नाही झालं."

धप्.

"वायर मी बारीक टाकली. त्याने सांगितलं होतं मला. मीच म्हणालो... चालव."

आवाज थांबला. दिवा पांढरा, लख्ख झाला, सगळ्या अंगणात पडला. ओट्यावर चिमाबाई उभी होती. चेतनची आई. तिने सगळं ऐकलं होतं.

मग अंधार.

कुणी रडलं नाही. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, झुंबर म्हणतो. म्हातारी पायऱ्या उतरली, चाचपडत सुनेचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली. दार लागलं. झुंबर तिथेच, मातीत बसून राहिला. रात्रभर.

उजाडलं तेव्हा गाडी दवाने भिजलेली. दारं कुलूपबंद, किल्ली घरात. हाताने काच पुसून त्याने आत पाहिलं. सीट रिकामी. पण ड्रायव्हरसमोरच्या काचेवर, आतल्या बाजूने, तोंडाएवढी वाफ धरली होती.

बघता बघता ती विरली...

आणि पुन्हा धरली.