संथ गोगलगायीचा नेम

"तू भी इसके जितना ही स्लो है क्या?"

हा प्रश्न माझा नव्हता हं! विज्ञान प्रदर्शनात माझ्या मैत्रिणींनी, लीना आणि ऋजुताने, पैज लावली होती — जा पूर्वी, त्या गोगलगायीच्या पोस्टरवाल्याला विचारून दाखव.

त्याच्या हातातली टाचणी पडली. "आई गं!"

मी उडालेच. चंडीगडमध्ये... मराठी?

"स्लो आहे," कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "पण नेम पक्का. हिच्यासारखा."

पोस्टरवरची ही गोगलगाय समुद्रातली. माशामागे पळणं जमत नाही, म्हणून विषारी दाताचा बाण मारते. त्याच विषावरून दुखणं थांबवणारं एक औषध बनलंय.

"पण ते मणक्यात सोडावं लागतं," तो म्हणाला. " साधी गोळी अजून कुणाला जमली नाही."

"तुला कशाला हवी ती गोळी?"

"माझ्या बाबांचा पाय दुखतो. नसलेला."

मी फस्सकन हसले. तो हसला नाही.

संक्रांतीला आई मला हळदीकुंकवाला घेऊन गेली — चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत, नेमकी त्या पोस्टरवाल्याच्याच घरी! प्रतीक तिळगुळाची वाटी घेऊन समोर. त्याचे बाबा, कर्नल काका, खुर्चीत बसून आईशी छान गप्पा मारत होते. मधेच थांबले. हात गुडघ्याखाली गेला, आणि जिथे काहीच नव्हतं, ती जागा चोळत राहिला... सुरुंगाच्या स्फोटात गेलेला पाय.

"सॉरी," मी पुटपुटले.

"तिळगूळ घे," प्रतीक म्हणाला. "आणि आता हसलीस तरी चालेल."

मग दर रविवारी सेक्टर १७चा बाजार. कारंज्याकाठी आम्ही दोघं, बोर्डाची पुस्तकं आणि एक कुल्फी. तो विषाबद्दल बोलायचा. मी त्याच्या पापण्या बघत ऐकायचे. नंतर नंतर खरंच ऐकायला लागले. घरी जाऊन वाचायला लागले.

एप्रिलमध्ये तो म्हणाला, "बाबांची पोस्टिंग आली. पुणे." मग त्याने कुल्फी माझ्या हातात दिली. "पूर्वी... तू मला आवडतेस."

"चार महिने लागले तुला, यार!"

"सांगितलं होतं ना, स्लो आहे."

मी हसले. डोळे मात्र भरून आले.

घरी बाबा पेन घेऊन बसले होते. अकरावीचा फॉर्म. इथे गणितवाल्यांना नॉन-मेडिकल म्हणतात, बायॉलॉजीवाल्यांना मेडिकल. बाबा इंजिनिअर, त्यांनी नॉन-मेडिकलवर खूण करूनही टाकली होती.

"बाबा, ते खोडा."

"डॉक्टर व्हायचंय?"

"नाही. औषध शोधायचंय. ती साधी गोळी."

आईने माझ्याकडे नीट बघितलं. "त्या प्रतीकसाठी? अगं, तो तर चाललाय."

"तो चाललाय, आई. काकांचा पाय तिकडेही दुखणारच आहे." माझा आवाज जरासाही हलला नाही, मलाच नवल वाटलं. "मी मेडिकल घेतेय. वेळ लागेल... पण ठरलंय."