काउंटरसाठी माणूस पाहिजे

त्या चष्म्याच्या दुकानात ती पहिल्यांदा शिरली ती चाचपडतच. बसमध्ये स्वतःच्याच चष्म्यावर बसली होती. बाहेर थंडीतला भुरभुरता, चिकट पाऊस होता आणि तिच्यापुरतं सगळं जग ओल्या टीपकागदासारखं पसरलं होतं. काउंटरमागच्या उंच आकृतीला ती म्हणाली, "अहो, जरा बघता का... काडी मोडलीय."

आकृती ढिम्म. तिने आवाज चढवला. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"तो पुठ्ठ्याचा आहे," मागच्या खोलीतून कोणीतरी म्हणालं. "जाहिरातीचा. बाकी स्वभावाने चांगला आहे. काय मोडलंय म्हणालात?"

दुकानाचा मालक तिचा चष्मा घेऊन आत गेला. तेवढ्यात एक बाई आल्या आणि एकामागून एक फ्रेमा चढवून बघायला लागल्या. हिला कुठलं गप्प बसवतंय! "ही नको... हीपण नको... हां, ही घ्या." बाई खुशीत ऑर्डर देऊन गेल्या.

"तुम्हाला तर काही दिसत नव्हतं," चष्मा तिच्यापुढे धरत मालक म्हणाला.

"मला कशाला दिसायला हवं? आरशासमोर त्या श्वास धरून उभ्या होत्या. या फ्रेमला सोडला."

तो तिच्याकडे बघत राहिला. चष्मा अजून डोळ्यांवर चढला नव्हता, त्यामुळे ते बघणं तिला दिसलं नाही. या व्यवहारातलं तिचं ते पहिलं नुकसान.

"उद्यापासून येता?" त्याने विचारलं.

ती आली, आणि तीन वर्षं राहिली. तो मागे काचा घासायचा, ती पुढे माणसं वाचायची. माणसं ओळखण्यात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. दारातून आत येणाऱ्याला नंबर वाढल्याची भीती आहे की वय वाढल्याची, हे ती तो छत्री मिटायच्या आत सांगायची. मालक तिला थट्टेने 'साहेब' म्हणायचा. संध्याकाळी दुकान आवरताना तो काही न बोलता हात पुढे करायचा, ती आपला चष्मा काढून द्यायची, तो पुसून परत द्यायचा. तेवढा वेळ ती त्याच्याकडे खुशाल टक लावून बघायची. धूसर माणसाकडे बघायला लाज कसली?

त्यापुढे गाडी सरकली नव्हती. तो बोलत नव्हता आणि ही विचारत नव्हती. आपण घाईत सौदा करणाऱ्यांतल्या नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तिची बहीण गेली.

मागे दोन पोरं, थोरली आणि धाकटा. भाऊजींची नोकरी फिरतीची, महिन्यातले बरेच दिवस माणूस घराबाहेर. शेजारच्या काकूंनी पोरांना पोटाशी धरलं होतं, पण त्याही महिनाअखेरीला आपल्या लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. थोरली फोनवर सगळं शहाण्यासारखं सांगायची आणि शेवटी हळूच म्हणायची, "मावशी, हा रोज संध्याकाळी बूट घालून दाराशी बसतो गं. आई आल्यावर बाहेर जायला उशीर नको म्हणतो."

नातेवाइकांनी तिचं भाऊजींशी लग्न लावायचं गणितही मनात मांडून ठेवलं होतं. त्या गणितात आपण नाही, असं तिने तोंडावर सुनावलंही होतं. पण बुटांपुढे तिचं काही चालेना.

"मी महिनाअखेरीला जाणार," तिने मालकाला सांगितलं. "बहिणीच्या पोरांकडे. धाकटा रोज बूट घालून दाराशी बसतो. परत यायचं असं काही... धरून चालू नका."

तो काच उजेडाला धरून बघत होता. बराच वेळ बघत राहिला. एवढं बघण्यासारखं त्या काचेत काही नव्हतं.

"मग काउंटरला माणूस बघावा लागेल," तो म्हणाला.

बस्स, एवढंच? रात्रभर जुळवाजुळव करून ठेवलेली सगळी उत्तरं तिने गिळली, आणि दारावर लावायची पाटी स्वतःच्याच हाताने रंगवली.

माणसं यायला लागली. कागदावर काय आहे ते ती बघायची नाही. तिची परीक्षा एकच होती. मालकाला खुर्चीत बसवायचं आणि येणाऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर चष्मा नीट बसवून द्यायचा. परक्या माणसाच्या कानामागे हात घालायचा, पण त्याने दचकता कामा नये. ज्याला हे जमलं त्याला बाकी सगळं शिकवता येतं.

पहिला तोंडाने शिट्टी वाजवत काडी वाकवायला लागला.

"शिट्टी बेसूर होती," मालक नंतर म्हणाला.

"सुरात असती तर घेतला असता?"

"विचार केला असता."

दुसरी मुलगी हुशार होती, पण भीतीने अर्धी झालेली.

"हात काय गार आहेत हो तिचे! गिऱ्हाइकाला पडसं व्हायचं."

"आणि कालचा? त्याला काय झालं होतं?"

"मला काका म्हणाला."

"केस बघितलेत का आरशात?"

"म्हणूनच नको. खरं बोलणारा माणूस काउंटरला चालत नाही, साहेब."

ती हसली. ओठ मिटेपर्यंत हसू पार कडू झालं होतं. दिवस भराभर संपत होते आणि हा मजेत होता... की होता का मजेत? इतकी माणसं वाचली, पण एवढं एक पान काही तिला लागेना.

दुकानाच्या वरच त्याचं घर. आई तिथे अंथरुणाला खिळलेली, काही हवं असलं की काठीने जमिनीवर ठोकायची. एका दुपारी तो गिऱ्हाइकात होता म्हणून ही पाणी घेऊन वर गेली.

"मिळालं का कोणी?" म्हातारीने विचारलं.

"तुमचा मुलगा पास करेल तेव्हा ना."

"तो लहानपणी भूक लागली तरी सांगायचा नाही. ताटावर तुटून पडला की कळायचं, उपाशी होता मेला." म्हातारीने पाण्याचा घोट घेतला. "तू विचार की."

"मीच का विचारू?"

"बरं. मग बसा दोघं."

आणि मग चपलांच्या दुकानातल्या बाई आल्या. ते दुकान बंद पडलं होतं. बाई अंगाने भरलेल्या, आवाज खणखणीत. "जन्मभर लोकांचे पाय हातात घेतले, आता तोंड घेईन. पायापेक्षा तोंड बरं, निदान धुतलेलं असतं!" असं म्हणत त्यांनी मालकाची हनुवटी दोन बोटांनी वर केली, चष्मा चढवला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, "डावा कान जरा खाली आहे तुमचा. लाजू नका, सगळ्यांचाच असतो एखादा." काडी गरम केली, एवढीशी वाकवली, परत चढवली. तो दचकला नाही. त्याला कळायच्या आत काम झालं होतं.

इतके दिवस शोधत होती ते माणूस समोर उभं होतं, आणि ते मिळू नये म्हणून आपण जीव मुठीत धरून बसलो होतो, हे तिला तेव्हा कळलं.

"संध्याकाळी फोन करते," ती बाईंना म्हणाली.

दार लागलं तसा मालक उठला. "या नकोत."

"का?"

"आवाज मोठा आहे."

"वर आईंना ऐकू जाईल, करमणूक होईल त्यांची. अजून?"

"चपलांच्या दुकानातून आल्यात."

"अजून?"

"अजून काय अजून? नकोत म्हटलं ना!"

"मालक, शिट्टी ऐकून घेतली, गार हात ऐकून घेतले. ती माणसं कच्चीच होती. या बाई पक्क्या आहेत, तुम्हालाही कळलंय. खरं कारण सांगा."

मागे घासायचं यंत्र चालूच राहिलं होतं. तो आत गेला, ते बंद केलं आणि दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. बाहेर पावसाची तीच किरकिर.

"कारण... त्या तू नाहीस."

तीन वर्षांत पहिल्यांदा 'तू'. किती वाट बघितली होती तिने या एका शब्दाची! आणि आला तो असा, घर सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर पोचलेल्या पार्सलासारखा.

"हे महिन्याच्या सुरुवातीला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

"थांबले असते."

"आणि रोज दिवेलागणीला तुझं लक्ष त्या बुटांवर गेलं असतं. पहिलं वर्ष सोसलं असतंस. मग एक दिवस माझं तोंड बघणंही नकोसं झालं असतं तुला."

त्याच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखं एक अक्षर नव्हतं, आणि राग आला तो त्याचाच. आपण ज्याला वाचू शकलो नाही, त्याने आपल्याला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून ठेवलं होतं.

"म्हणून एकेकाला नापास करत बसलात? मी जावं, पण जाऊ तर देणार नाही?"

"हो. वेड्यासारखंच आहे ते." तो काउंटरपाशी आला. दोघांच्या मध्ये आता काचेची अरुंद फळी तेवढी होती. "तिकडे... चष्म्याचं दुकान असेल ना एखादं?"

"आहे. स्टेशनजवळ."

"त्यांना माणूस लागत असेल. मी गेलो मुलाखतीला तर?"

वर काठी वाजली. दोघांनीही मान वर केली, आणि दोघांनीही लगेच खाली घातली. आईला त्या खोलीतून हलवायचं नाही, असं डॉक्टर केव्हाच सांगून गेले होते.

"नापास व्हाल," ती म्हणाली.

"का? काड्या तर सरळ बसवतो मी."

"बसवता. पण तुम्ही वेळेवर बोलत नाही."

तो हसला. हसणं अर्ध्यावरच सरलं. त्याने हात पुढे केला, तिच्या बोटांवर क्षणभर ठेवला... आणि काठी पुन्हा वाजली तसा मागच्या जिन्याकडे वळला.

तिने फोन उचलला. "उद्या दहाला या," बाईंना म्हणाली. "कामालाच या. शनिवारपर्यंत मी शिकवते."

"अगो बाई, आणि मग तू कुठे जाणार?"

"पोरांकडे."

जिन्यावरची पावलं मध्येच थांबली होती. ती फोन ठेवेपर्यंत वरही गेली नाहीत, खालीही आली नाहीत.